जुने मॉनिटर, नवा मिनी पीसी: आधी दिशा बघा

नेरूळच्या मामेभावाने परवा रात्री फोटो पाठवला. टेबलावर पोळीच्या डब्याएवढा नवा मिनी पीसी, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, शेजारी दोन जुने मॉनिटर आणि खाली प्रश्न, "ताई, हे जोडायला काय काय आणू?" फोनवर सांगायला लागले तर माझ्याच लक्षात आलं की मी सांगतेय कमी आणि चिडतेय जास्त. त्यात त्याची काही चूक नव्हती. दोन वर्षांपूर्वी ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी, हाच घोळ मी घालून ठेवला होता, आणि तोही महिन्याच्या १९ तारखेला. हिशेबाची कामं करणाऱ्यांना जीएसटी रिटर्नची २० तारीख काय असते ते वेगळं सांगायला नको. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

खरेदीला निघण्याआधी मॉनिटर टॉवेल पसरून त्यावर पालथा घाला आणि त्याची मागची बाजू उजेडात बघा. भिंतीला टेकलेल्या मॉनिटरच्या मागे हात घालून चाचपायचं नाही. मी चाचपलं, निळं तोंड हाताला लागलं, झालं, दोन्ही मॉनिटर व्हीजीए असं ठरवून मोकळी झाले. व्हीजीए म्हणजे ते निळं, तीन ओळींत पंधरा भोकं असलेलं तोंड. आयबीएमने १९८७ साली आणलेलं, म्हणजे माझ्या लग्नापेक्षा जुनं. इंटेल, एएमडी आणि त्यांच्याबरोबर काही मॉनिटरवाल्यांनी डिसेंबर २०१० मध्येच सांगून टाकलं होतं की २०१५ पर्यंत आम्ही हे बंद करणार. त्यामुळे नव्या डब्यावर, म्हणजे मिनी पीसीवर, ते शोधत बसू नका, आणि नसलं म्हणून दुकानदाराशी भांडूही नका.

निळ्याच्या शेजारी पांढरं, रुंद, एका टोकाला आडवी चीर असलेलं तोंड आहे का ते नीट बघा. तो डीव्हीआय. असेल तर तुमचं काम निम्म्याने सोपं झालं. डीव्हीआय आणि एचडीएमआय (टीव्हीच्या मागे असतं ते चपटं तोंड) यांच्यातून जाणारा चित्राचा सिग्नल एकाच जातीचा, म्हणून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी साधी केबल पुरते. मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर नको, चिप नको, वीज नको. रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरचे आडवे-उभे ठिपके, १९२० बाय १२०० पर्यंत असलेल्या मॉनिटरला ती चालते. जुना तीस इंची मॉनिटर असेल तर तिच्यातून पूर्ण रिझोल्यूशन मिळणार नाही, पण तीस इंची मॉनिटर घरी असणारी माणसं हे वाचत बसणार नाहीत. माझ्या बावीस इंचीला डीव्हीआय होता. त्यावर प्लास्टिकचं टोपण होतं आणि टोपणावर धूळ. म्हणजे ज्याला साधी केबल पुरली असती त्याच्यासाठीही मी कन्व्हर्टर घेऊन आले. तोही उलटा. त्याकडे येतेच.

आता डब्याची मागची बाजू. दोन एचडीएमआय असतील, किंवा एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, म्हणजे एक कोपरा कापल्यासारखं दिसणारं तोंड. यूएसबी-सी दिसलं म्हणून खूश होऊ नका. प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र निघत नाही, डब्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तरच धरा. जितके मॉनिटर तितकी चित्र देणारी तोंडं हवीत. एकाच एचडीएमआय तोंडाला स्प्लिटर, म्हणजे एकाचे दोन फाटे करणारी डबी, लावून दोन मॉनिटर जोडले तर दोन्हीवर एकच चित्र येतं. क्लासमध्ये पोरांना दाखवायला ठीक आहे. एकीकडे बँकेचं स्टेटमेंट आणि दुसरीकडे खातेवही उघडायची असेल तर निरुपयोगी. हे सगळं कागदावर लिहा: पहिला मॉनिटर, त्याचं तोंड, डब्याचं कोणतं तोंड त्याला द्यायचं. दोन ओळींचं काम आहे. लक्षात राहील म्हणू नका, दुकानात राहत नाही.

आणि आता दिशा.

व्हीजीए ॲनालॉग, एचडीएमआय डिजिटल. मध्ये रूपांतर करणारी चिप लागते आणि ती चिप एकाच दिशेने काम करते. आपल्याला हवा तो एचडीएमआय टू व्हीजीए, कारण चित्र डब्यातल्या एचडीएमआयमधून निघतं आणि मॉनिटरच्या व्हीजीएत पोहोचतं. बाजारात त्याच्याच शेजारी, तशाच पाकिटात, जवळपास तेवढ्याच किमतीला व्हीजीए टू एचडीएमआय टांगलेला असतो. तो जुन्या लॅपटॉपमधून नव्या टीव्हीवर चित्र न्यायला. नेरूळहून ठाण्याला यायचं आणि पनवेलच्या गाडीत चढायचं, तसं होतं. गाडी चांगली असते, वेळेवर असते, तुम्ही मात्र पोहोचत नाही.

मी तेच केलं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडला गेले आणि "व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर द्या, दोन" असं सांगितलं. दुकानदाराने मी मागितलं तेच दिलं. घरी आल्यावर गंमत अशी की सगळं बसलं. कन्व्हर्टरच्या पंधरा पिना मॉनिटरच्या भोकांत अशा फिट बसल्या की जणू तिथल्याच. डब्यातून आलेली एचडीएमआय केबल दुसऱ्या बाजूला बसली. त्याची छोटी यूएसबी शेपटी डब्याला लावली तर निळा दिवाही लागला. दिवा लागला की माणूस फसतो. दोन्ही मॉनिटरवर "नो सिग्नल". केबल बदलल्या, डबा तीनदा बंद-चालू केला, मॉनिटर मेले म्हणून हळहळले, मग नवा डबाच खराब आला म्हणून विकणाऱ्याला फोन लावून वर आवाज चढवला. शेवटी वरच्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा आला, कन्व्हर्टर हातात घेऊन एकदा उलटसुलट केला आणि म्हणाला, "काकू, हे उलटं आहे." पाच तास मी जे शोधत होते ते त्याला दहा सेकंदांत दिसलं.

तेव्हा दुकानात कन्व्हर्टरचं नाव सांगूच नका. "कॉम्प्युटरला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे" असं सांगा, याच क्रमाने, आणि पाकीट हातात आल्यावर त्यावरचं पहिलं नाव वाचा. पहिलं नाव कॉम्प्युटरचं. ऑनलाइन मागवत असाल तर शीर्षकावर विसंबू नका, तिथे दोन्ही नावं कशीही कोंबलेली असतात. चित्रातला बाण किंवा सोर्स, म्हणजे चित्र निघतं ते टोक, कुठला ते बघा. आणखी एक खूण: योग्य कन्व्हर्टरच्या व्हीजीए बाजूला भोकं असतात, कारण मॉनिटरच्या निळ्या केबलच्या टोकाला पिना असतात आणि त्या त्यात जातात. व्हीजीए बाजूला पिना दिसल्या तर थांबा. सबंध केबलच एचडीएमआय ते व्हीजीए अशी येते तिला मात्र दोन्हीकडे पिनाच असतात; तिथे वाचण्याशिवाय इलाज नाही. आणि एक टोक एचडीएमआय, दुसरं व्हीजीए, मध्ये चिपच नाही अशी चारदोनशे रुपयांना मिळणारी नुसती तार कोणी दाखवली तर ती घेऊ नका. या डब्याशी ती कुठल्याच दिशेने चालणार नाही.

डिस्प्लेपोर्टलाही हाच नियम. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल डब्याच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे चालते, उलटी लावली तर नाही. डब्याच्या डिस्प्लेपोर्टमधून निळ्या मॉनिटरकडे जायचं तर डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए. पहिलं नाव कॉम्प्युटरचं. मामेभावाने हे फोनवर मला तीनदा म्हणून दाखवलं, तेव्हाच मी पुढे बोलले.

कन्व्हर्टर घेताना कडेला छोटं पॉवरचं तोंड असलेला घ्या. एचडीएमआयच्या तोंडातून मिळणारी वीज नावापुरती असते, ५ व्होल्ट आणि खात्रीची म्हणाल तर फक्त ५५ मिलीॲम्पियर. काही कन्व्हर्टर तेवढ्यावर भागवतात, काही मध्येच चित्र घालवतात. निळी केबल दीड-दोन मीटरची पुरे. लांब आणि स्वस्त केबलमध्ये अक्षरांना सावली येते. तिच्या पंधरापैकी मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसेल तर घाबरू नका, बऱ्याच केबलना ती नसते. वाकलेली असेल तर मात्र केबल बदला. दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटानेच फिरवा. पक्कड लावून आवळले की काढताना कन्व्हर्टरचे नटही त्यांच्याबरोबर बाहेर येतात.

आवाजाचं आधीच ठरवा. व्हीजीएतून आवाज जात नाही. डब्याला थेट स्पीकर लावा. वीज: मॉनिटर, डबा, स्पीकर, राउटर, म्हणजे चांगला स्पाइक गार्ड. डब्याचा ॲडॉप्टर आणि जुन्या मॉनिटरचा ॲडॉप्टर दिसायला सारखे आणि पिनही एकसारखी असू शकते, व्होल्ट मात्र वेगळे असू शकतात. दोन्हींवर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

जोडायच्या दिवशी आधी डबा घरच्या टीव्हीला साध्या एचडीएमआयने जोडा. सुरुवातीचं सगळं सेटिंग, अपडेट तिथेच उरकून घ्या. डबा ठीक आहे हे कळतं आणि पुढे चित्र आलं नाही तर संशय कोणावर घ्यायचा तेही कळतं. त्या महिन्याचं रिटर्न मी शेवटी टीव्हीवरच भरलं, २० तारखेला संध्याकाळी, सासऱ्यांची मालिका बंद ठेवून. त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

मग एकेक मॉनिटर. दोन्ही एकदम नको. चित्र आलं नाही तर मॉनिटरचं सोर्सचं बटण दाबून डी-सब किंवा ॲनालॉग, म्हणजे व्हीजीएच, निवडा. "आउट ऑफ रेंज" आलं तर कॉम्प्युटर जास्त रिझोल्यूशन पाठवतोय: चौकोनी १७ किंवा १९ इंचीला बहुतेक १२८० बाय १०२४, रुंद साडेअठरा इंचीला १३६६ बाय ७६८, बावीस इंचीला अनेकदा १६८० बाय १०५०. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ. चित्र एका बाजूला सरकलेलं किंवा अक्षरं थरथरती असतील तर पूर्ण पानभर मजकूर उघडून मॉनिटरचं ऑटो बटण दाबा. काळ्या स्क्रीनवर दाबून उपयोग नाही, त्याला कडा सापडत नाहीत. कीबोर्डवरची विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून एक्स्टेंड निवडा, म्हणजे दोन्हींवर वेगळं चित्र येतं. सेटिंगमध्ये दोन्ही चौकोन टेबलावर आहेत तसे ओढून ठेवा, नाहीतर माउस डावीकडे नेला की उजवीकडे निघतो. पैसे देऊन बघायचे सिनेमे कन्व्हर्टरवरच्या मॉनिटरवर काळे दिसू शकतात. कॉपीबंदीची भानगड आहे, बिघाड नाही. ते टीव्हीवर बघा.

डबा मॉनिटरच्या मागे अडकवायचा असेल तर मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजा, ७५ किंवा १०० मिलिमीटर. स्टँडच त्या भोकांत बसवलेला असेल तर विचार सोडा. केबलना वेलक्रो. जुन्या सीपीयूमधली हार्ड डिस्क काढल्याशिवाय तो भंगारवाल्याला द्यायचा नाही. बाकी तुमचं तुम्हाला कळेल.

ते दोन उलटे कन्व्हर्टर अजून माझ्या खणात आहेत, पाकिटासकट. जुना व्हीजीए लॅपटॉप नव्या टीव्हीला लावायचा असेल असं कोणी नौपाड्यात असेल तर घेऊन जा. त्या कामाला ते सरळ आहेत.