आयबी डिप्लोमाला जाताय? मे महिना असा वापरा

रत्नागिरीत मी गणिताच्या शिकवण्या घेते. त्याआधी मुंबईत आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या वर्गांना शिकवायचे. तिचा डिप्लोमा हा अकरावी-बारावीच्या जागी घ्यायचा अभ्यासक्रम. त्यामुळे दहावीची परीक्षा संपली की कोणी ना कोणी पालक विचारायला येतात, "मॅडम, मुलगी आयबी डिप्लोमाला चालली आहे, अकरावीचं फिजिक्स-केमिस्ट्री आधीच करून घ्याल का?" मी नाही म्हणते. तो अभ्यास शाळा घेतेच. घरी करायची तयारी निराळी आहे. स्वतःला प्रश्न पडला पाहिजे, त्याच्या मागे लागता आलं पाहिजे आणि हाती आलेलं लिहून दुसऱ्याला पटवता आलं पाहिजे. दहावीला नव्वदच्या वर गेलेली आपली मुलं नेमकी इथे अडतात, कारण तोवर प्रश्न नेहमी पुस्तकानेच विचारलेला असतो.

तर मुली, डिप्लोमाची रचना आधी नीट समजून घे. दोन वर्षं, सहा विषय. साधारणपणे तीन विषय हायर लेव्हलला, प्रत्येकी २४० तासांचे, आणि तीन स्टँडर्डला, १५० तासांचे. प्रत्येक विषयाला ७ गुण, म्हणजे ४२. एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः शोध घेऊन लिहिलेला मोठा निबंध, आणि थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे आपल्याला जे कळतं ते कसं कळतं याचा विचार, हे मिळून आणखी ३, एकूण ४५. डिप्लोमासाठी किमान २४ लागतात, पण या शेवटच्या दोहोंपैकी एकात जरी 'ई' श्रेणी आली तरी डिप्लोमा मिळत नाही. कॅस, म्हणजे कला, खेळ आणि समाजसेवेचा भाग, याला गुण नाहीत, तरी तो पूर्ण करावाच लागतो.

आता प्रश्न काढायचा कसा, ते एका उदाहरणाने सांगते. इथल्या मिरकरवाडा बंदरावरची एक मुलगी माझ्याकडे यायची. तिला म्हटलं, घरात भरतीची वेळ कशी काढतात ते विचारून ये. आजोबांनी सांगितलं, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. मग मी विचारलं, पाऊणच का? ती दोन दिवस त्याच्याशी झटली. भरती चंद्रामागे चालते, आणि एका तिथीत चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकतो. ३६० अंशांना चोवीस तास, तर बारा अंशांना ४८ मिनिटं. आजोबांचा हिशेब मात्र ४५ मिनिटांचा. तिथीमागे तीन मिनिटं राहतात, पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तास होतात. म्हणून सूत्राप्रमाणे पौर्णिमेची भरती सव्वा अकराला आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची एकदम पाऊण वाजता! एका दिवसात दीड तासाची उडी समुद्र मारत नाही.

मग तिने भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या महिनाभराच्या वेळा आलेखावर मांडल्या. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती रोज थोड्याच मिनिटांनी पुढे जाते; भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, बरीच जास्त. एकच आकडा महिनाभर चालणार नाही, हे तिला स्वतःच्या आलेखावर दिसलं. शेवटी तिने एक पान लिहिलं: होडी बाहेर काढायला हे सूत्र कुठवर पुरतं आणि कुठे तक्ताच बघावा. मला ते पान फार आवडलं.

आयबीच्या प्रश्नपत्रिकेत 'डिस्क्राइब', 'एक्सप्लेन', 'इव्हॅल्युएट' या क्रियापदांना ठरलेले अर्थ असतात. सूत्र सांगणं पहिलं, पाऊण कुठून आला ते सांगणं दुसरं, कोणाला कितपत भरवशाचं ते ठरवणं तिसरं. बोर्डाच्या पेपरात पहिल्या दोहोंवर भागतं. तिसऱ्याचा सराव मे महिन्यात कर. गणिताचे २० टक्के गुण एक्स्प्लोरेशनला, म्हणजे अशाच स्वतःच्या शोधाला असतात. तो शाळेतच नव्याने करायचा आहे, इथे फक्त हात बसवायचा. तू देवगडची असशील तर अढीतल्या आंब्याकडे बघ, खाडीकाठची असशील तर पाणी कुठवर खारं लागतं ते बघ. विषय दाराशी असला की रोज मोजता येतो.

लिखाण इंग्रजीत करायचं आहे. एक्स्टेंडेड एसे ४,००० शब्दांपर्यंत, थिअरी ऑफ नॉलेजचा निबंध १,६०० पर्यंत. सेमीतून आलेल्या मुलांना याची धास्ती वाटते. आठवड्याला ३०० शब्दांपासून सुरुवात कर, जूनअखेर ८०० वर ये. व्याकरण सुधारत जाईल, आधी मुद्द्यामागून मुद्दा येऊ दे. कुठून काय घेतलं ते त्याच वहीत, त्याच दिवशी लिहून ठेव. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून दिल्याचं सिद्ध झालं तर त्या विषयाची श्रेणीच मिळत नाही.

गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत. इंजिनिअरिंग मनात असेल तर ॲनॅलिसिस अँड ॲप्रोचेस घे, तेही हायर लेव्हलला. त्याचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो आणि आपल्या मुलांची हाताने आकडेमोड करायची सवय तिथे उपयोगी पडते.

आई-बाबांना दोन गोष्टी. फी बहुतेक ठिकाणी डोळे पांढरे करणारी असते. पुण्याजवळ मुळशीत युडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्रा हे आयबी डिप्लोमाचं निवासी कॉलेज आहे; तिथे गरज पाहून आर्थिक साहाय्य मिळतं, पण त्याची निवड दहावी चालू असतानाच होते, तेव्हा नववीतच चौकशी करा. आणि लेकीला महाराष्ट्रातच मेडिकल किंवा इंजिनिअरिंगला घालायचं पक्कं असेल तर माझ्या मते डिप्लोमाच्या वाटेला जाऊ नका. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, नीटची तयारीही स्वतंत्र करावी लागते, आणि आयबीच्या मेमधल्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. तरीही जायचंच असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा गणित हे विषय शाळा एकत्र घेऊ देते का, ते प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.