जुना फोन विकायच्या आधी आतलं सगळं खरंच पुसायचं कसं

मागच्या दिवाळीत आईचा जुना फोन एक्सचेंजमध्ये दिला, सांगलीतल्याच एका दुकानात, आणि तिसऱ्या दिवशी तिथनं कॉल आला की दादा आईंचा जीमेल आणि पासवर्ड सांगा, फोन अडकलाय. मी म्हटलं सांगत नाही, येतोच. गेलो तर पोराने ड्रॉवरमधनं एक स्टीलचा डबा काढला, त्यात आईच्या फोनचं मेमरी कार्ड होतं, जे मी काढायचंच विसरलो होतो, आणि त्या डब्यात अजून पंचवीस-तीस कार्डं होती. लोकं फोन देतात आणि कार्ड आतच राहतं. आईच्या कार्डवर काय होतं सांगतो, मामाच्या पोरीच्या लग्नाचे फोटो, आधार, पॅन, सोसायटीच्या पासबुकची पानं, सात-बारा, आणि चार वर्षांच्या हळदीच्या पट्ट्या, म्हणजे कुठल्या साली किती पैसे आले ते सगळं. तो पोरगा चांगला म्हणून त्याने परत दिलं. त्या दिवसापासनं घरातला, भावकीतला कुठलाही फोन बदलायचा असला की मी स्वतः बसून पुसून देतो, तेच इथं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, डिलीट करणं आणि पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आपल्याकडं सगळ्यांना माहितीयत, जमिनीत खड्डा, आत हळद, वरनं बंद. आता व्यापाऱ्याच्या वहीतनं त्या पेवाची नोंद खोडली म्हणून आतली हळद कुठं जात नाही, जो खणेल त्याला मिळणार. फोनचं पण तसंच, फोटो डिलीट केला की बऱ्याचदा फक्त नोंद जाते, फोटो तिथंच असतो जोवर त्या जागेवर दुसरं काही येऊन बसत नाही. शिवाय गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, आयफोनात रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस. २०१४ साली अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने २० वापरलेले अँड्रॉइड फोन विकत घेतले होते, आधीच्या मालकांनी पुसलेत असं समजून विकलेले, आणि त्यातनं ४० हजाराच्या वर फोटो परत बाहेर काढले होते.

मग आताच्या फोनचं काय? आताचे फोन एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे आतली प्रत्येक गोष्ट गुंतागुंतीच्या अक्षरात लिहिलेली आणि ती वाचायची किल्ली फोनच्याच आत ठेवलेली. फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन दुकानातनं आणला तेव्हा होता तसा कोरा करणं, तो मारला की ती किल्लीच नष्ट होते, जसं काय आयर्विन पुलावरनं कृष्णेत टाकली, मग आत काही उरलं तरी कुणाला वाचता येत नाही. म्हणून तर १२८ जीबीचा फोन काही मिनिटांत रिसेट होतो, नाहीतर एवढं सगळं पुसायला किती वेळ लागला असता. अँड्रॉइड ६ म्हणजे २०१५ पासनं बऱ्यापैकी ताकदीच्या नवीन फोनमध्ये हे आलं आणि अँड्रॉइड १० पासनं प्रत्येक नवीन फोनला सक्तीचं झालं, आयफोनात तर त्याच्याही आधीपासनं आहे. त्यामुळं गेल्या पाच-सहा वर्षातला फोन असेल तर नीट मारलेला रिसेट पुरेसा आहे, दहा वेळा मारायची गरज नाही. घोळ होतो तो रिसेटच्या आधीच्या कामात.

सगळ्यात आधी नवीन फोन पूर्ण चालू करा, आणि तोवर जुन्याला हात लावू नका. सिम नवीन फोनमध्ये घाला, फोनपे, गूगल पे, भीम, बँकेचं ॲप हे सगळं तिथं उघडून बघा. ही ॲप्स सिमवरनं एक एसएमएस पाठवून फोन ओळखतात, त्यामुळं सिममध्ये एसएमएस जाण्याएवढा बॅलन्स किंवा पॅक पाहिजे, नाहीतर तिथंच तासभर अडकता. युपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतो, ती भीती नको, पण ॲपमध्ये तुमचं नाव, खातं, व्यवहार दिसतात, म्हणून जुन्या फोनवर प्रत्येक पेमेंट ॲपमधनं रीतसर लॉगआउट करा.

व्हॉट्सॲपला जरा जास्त जपा, इथं लय लोकं फसलेत. सेटिंग्जमध्ये अकाउंटच्या खाली डिलीट अकाउंट असा पर्याय दिसतो आणि माणसाला वाटतं की जुना फोन देतोय तर हेच दाबायचं. नका दाबू! त्याने तुमचं व्हॉट्सॲप खातंच जातं, सगळ्या ग्रुपमधनं बाहेर पडता, बॅकअप पण जातो, मग मार्केट यार्डचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप सगळीकडं परत ॲड करा म्हणत बसा. आमच्या आत्याचं असंच झालंय. चॅट न्यायचे असतील तर दोन्ही फोन शेजारी ठेवा, जुन्या फोनवर चॅट्समध्ये ट्रान्सफर चॅट्स घ्या, क्यूआर स्कॅन करा, किंवा ड्राईव्हवर बॅकअप घेऊन नवीन फोनवर रिस्टोर करा. नवीन फोनवर नंबर चालू झाला की जुन्यावरचं व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडतं. आणि झाल्यावर लिंक्ड डिव्हायसेस एकदा उघडून बघा, कधीतरी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब लावलेलं असतं ते तसंच चालू असतं, ते काढून टाका.

गूगल ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनसाठी कोड देणारं ॲप, वापरत असाल, डीमॅट किंवा ऑफिसच्या मेलसाठी, तर त्यातली खाती ट्रान्सफर अकाउंट्समधनं नवीन फोनवर आणल्याशिवाय रिसेट मारू नका, ते कोड गेले तर परत आत शिरायला फार मनस्ताप होतो.

आता फोटो आणि कॉन्टॅक्ट. बॅकअप झालाय का हे ॲपवर विश्वास ठेवून नाही, नवीन फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडून डोळ्याने बघा, जुन्यातला जुना फोटो शोधून बघा. आणि एक चूक अजिबात करू नका, ती म्हणजे फोन द्यायचाय म्हणून बसून एकेक फोटो, एकेक नंबर हाताने डिलीट करणं. खातं अजून जोडलेलं असतं, सिंक चालू असतं, तुम्ही इथं डिलीट करताय आणि तिकडं गूगलवरनं किंवा आयक्लाउडवरनं पण जातंय, नवीन फोनवरनं पण जातंय. हाताने काही पुसायचं नाही, खातं काढायचं आणि मग रिसेट.

खातं काढणं हीच माझी आईच्या फोनला चुकलेली पायरी. तिचा फोन हँग होत होता म्हणून मी पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरीतनं रिसेट मारला, काम पटकन झालं असं वाटलं, पण अँड्रॉइड ५.१ पासनं गूगलने चोरीच्या फोनसाठी एक कुलूप दिलंय, फोन असा बाहेरनं रिसेट केला की चालू होताना आधीच्या मालकाचं गूगल खातं मागतो. चोराला अडवायला ते फार चांगलंय, पण आपणच खातं न काढता फोन दिला तर घेणारा अडकतो आणि मग पासवर्ड विचारायला कॉल येतो. असा कॉल आला तर पासवर्ड फोनवर सांगू नका, कुणी कितीही ओळखीचा असू दे, त्या एका पासवर्डवर तुमचे मेल, फोटो, सेव्ह केलेले बाकीचे पासवर्ड सगळं आहे. मी मिरजेहून परत गेलो, स्वतः टाईप केला, आत जाऊन खातं काढलं आणि सेटिंग्जमधनं परत रिसेट मारला.

तर अँड्रॉइडवर क्रम असा ठेवा. सिम काढा, मेमरी कार्ड काढा, फोन चार्जिंगला लावा. सेटिंग्जमध्ये पासवर्ड्स अँड अकाउंट्स किंवा नुसतं अकाउंट्स असं असेल तिथं जाऊन सगळी गूगल खाती रिमूव्ह करा, पोरांनी गेमसाठी काढलेली पण, आणि सॅमसंगचा फोन असेल तर सॅमसंग अकाउंट, रेडमी किंवा पोको असेल तर शाओमीचं अकाउंट पण साइन आउट करा, त्यांचं कुलूप वेगळं असतं. मग रिसेट. सॅमसंगमध्ये जनरल मॅनेजमेंटमध्ये रिसेट आणि तिथं फॅक्टरी डेटा रिसेट, रेडमीत अबाउट फोनमध्ये फॅक्टरी रिसेट, बाकी बऱ्याच फोनमध्ये सिस्टीममध्ये रिसेट ऑप्शन्स आणि इरेज ऑल डेटा. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये रिसेट टाईप करा, समोर येतं. तिथं रिसेट नेटवर्क, रिसेट ऑल सेटिंग्ज असे पण पर्याय असतात, त्याने डेटा जात नाही, ते नकोत. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनच्या आतच असलेलं सिम, असेल तर ते पुसू का असं विचारतो, नंबर नवीन फोनवर आलेला असेल तर हो म्हणा. आणि पासवर्ड विसरलात म्हणून आजच बदलला असेल तर एक दिवस थांबा आणि मग रिसेट मारा.

आयफोनला काम सोपंय. सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन, मग इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज. मध्ये ॲपल खात्याचा पासवर्ड मागतो तो टाकायचाच, त्यानेच फाइंड माय, म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, बंद होतं आणि ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे ॲपलचं चोरीसाठीचं कुलूप, निघतं. घड्याळ जोडलं असेल तर ते आधी अनपेअर करा.

फार जुना फोन असेल, अँड्रॉइड ५ किंवा त्याच्याही आधीचा, जो घरात पोरांना खेळायला दिलेला असतो, तर नुसत्या रिसेटवर जाऊ नका. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत एन्क्रिप्ट फोन असा पर्याय बघा, फुल चार्ज करून चार्जरला लावून तो चालवा, तासभर किंवा जास्त लागतो, मध्ये बंद करू नका, झाल्यावर रिसेट मारा. तो पर्याय नसेलच तर रिसेट मारा, कुठलंही खातं न टाकता फोन उघडा, कॅमेरा चालू करून टेबलावर पालथा ठेवा आणि मेमरी भरेपर्यंत काळोखाचा व्हिडीओ काढत राहा, मग परत रिसेट. जुन्या फोटोंच्या जागेवर काळोख येऊन बसतो.

मेमरी कार्डाबद्दल माझं स्पष्ट मत, ते फोनबरोबर द्यायचंच नाही. दोन-चारशे रुपयाच्या वस्तूसाठी आईच्या सात-बाऱ्याची जोखीम का घ्यायची. क्विक फॉरमॅटने नुसती नोंद जाते, आतलं परत काढता येतं, आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घरात ठेवा, नाहीतर कात्रीने दोन तुकडे करा.

स्क्रीन फुटलेल्या फोनचं काय असं वहिनीने विचारलं होतं. डिस्प्ले दिसतोय पण टच चालत नाही असं असेल तर ओटीजीची छोटी पिन घ्या, जी लावली की फोनला यूएसबीची वस्तू जोडता येते, आणि कॉम्प्युटरचा माउस जोडा, बाण येतो, त्याने सगळं करता येतं, मी तिच्या फोनला असंच केलं. डिस्प्लेच गेला असेल पण फोन चालू आणि इंटरनेटवर असेल तर दुसऱ्या फोनवरनं गूगलच्या फाइंड हबमध्ये किंवा ॲपलच्या फाइंड मायमध्ये जाऊन लांबनं इरेज करता येतो. फोन पूर्ण मेलेला असेल, २०१९ च्या पुरात भिजलेले असे कितीतरी फोन आपल्याकडं अजून कपाटात पडलेत, तर गूगल खात्यात जाऊन युवर डिव्हायसेसमधनं तो फोन साइन आउट करा, पासवर्ड बदला, आणि फोन भंगारात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. हातोडीने फोडायचा तर विचारच करू नका, आतली बॅटरी पेट घेते.

दुरुस्तीला देताना सगळं पुसणं शक्य नसतं, पण पिन लिहून चिकटवून फोन देणं बंद करा. बऱ्याच नव्या सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, तो लावला की दुकानदाराला फोन तपासता येतो पण तुमचे फोटो, चॅट दिसत नाहीत.

आता शेवटचं. रिसेट झाल्यावर फोन चालू करा आणि वेलकमची स्क्रीन येते का बघा, वायफाय जोडून दोन पायऱ्या पुढं जा, जुनं खातं किंवा जुना पिन मागितला तर कुलूप अजून आहे, तिथंच खातं टाकून परत आत जा आणि काढा. काही मागितलं नाही तर तिथंच बंद करा, स्वतःचं खातं टाकून तपासायला जाऊ नका. रिसेटच्या आधी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आलेला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, लिहून घेतलेला असू दे, आणि फोन देताना साध्या कागदावर तो आकडा, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि सही घ्या, दुकान असेल तर पावती. उद्या त्या फोनवरनं काही भलतं झालं आणि चौकशी आयएमईआयवरनं जुन्या मालकापर्यंत आली, तर दाखवायला तोच कागद असतो. मी आईच्या फोनची पावती तिच्या पासबुकच्या पिशवीत ठेवलीय, मेमरी कार्डाच्या शेजारी.