इटलीची गटसहल : या चुका टाळा

महाराष्ट्रातून इटलीला गट घेऊन जाण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आले आहे. दर मोसमात त्याच चुका आणि त्यांतून होणारी तीच धावपळ पाहावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. आपण सहल ठिकाणांच्या संख्येवर मोजतो, आणि इटली मात्र ठरलेल्या वेळांच्या तिकिटांवर आणि दगडी फरसबंदीवर पायी पाहावी लागते. आठ दिवसांत किती शहरे होतील, असे कोणी विचारले की मी आधी गटातील सर्वांत वयस्क व्यक्तीचे वय आणि तिच्या गुडघ्यांची स्थिती विचारते, आणि त्यानंतरच कागद हाती घेते.

सर्वांत महाग पडणारी चूक बसचालकाच्या वेळेबाबत होते. पैसे भरून बस ठरवली म्हणजे चालक रात्रीपर्यंत आपलाच, ही आपल्याकडची समजूत तिथे चालत नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साडेचार तास बस चालवल्यानंतर चालकाला 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसभरात साधारणपणे नऊ तासांपेक्षा अधिक चालवता येत नाही, आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती असावी लागते. त्यात सवलत आहे, पण आठवड्यात ती मोजक्याच वेळा घेता येते. बसमध्ये बसवलेले टॅकोग्राफ नावाचे यंत्र चालकाच्या कार्डावर हे सगळे मिनिटामिनिटाने नोंदवते. रस्त्यात पोलिसांनी बस थांबवली तर ते पर्यटकांचे म्हणणे ऐकत बसत नाहीत. ते कार्ड तपासतात, आणि दंड व कारवाई चालकाच्या माथी येते.

काही वर्षांपूर्वी 38 जणांचा गट घेऊन आम्ही सकाळी सात वाजता फ्लॉरेन्सहून निघालो. पिसाचा मनोरा पाहून संध्याकाळी व्हेनिसजवळच्या मेस्त्रे गावी मुक्काम, असा बेत होता. पिसात पर्यटकांच्या बस मनोऱ्यापासून बऱ्याच अंतरावरील वाहनतळावर थांबतात, त्यामुळे जाण्यायेण्यातच वेळ जातो, हे मी आदल्या रात्री सांगितले होते. तरीही मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचे छायाचित्र प्रत्येकाला स्वतंत्र हवे होते, आणि मग वाहनतळाजवळच्या विक्रेत्यांकडे कमरपट्ट्यांचा भाव करण्यात आणखी वेळ गेला. एकूण सव्वा तास उशीर झाला. पुढे महामार्गावर चालकाने नियमाप्रमाणे 45 मिनिटांसाठी बस उभी केली, तेव्हा गटातील काही जण त्याच्यावर चिडले, आणि एका काकांनी तर माझ्यामार्फत त्याला वर पैसे देऊ केले. मी ते पैसे पुढे केले नाहीत. मेस्त्रेच्या हॉटेलशी पोहोचलो तेव्हा त्याचा दिवस संपला होता. भारतीय जेवणाची सोय मात्र तिथून सहा किलोमीटरवरच्या उपाहारगृहात केलेली होती. त्याने सामान उतरवून दिले, शांतपणे दिलगिरी व्यक्त केली आणि बसला कुलूप लावले. मला टॅक्सीने जाऊन 38 जणांचे जेवण डब्यांत भरून आणावे लागले, आणि ते हॉटेलच्या जिन्यावर व खोल्यांमध्ये बसून सर्वांनी रात्री साडेदहा वाजता खाल्ले.

नुकसान तेवढ्यावर थांबले नाही, आणि गटांना नेमके हेच आधी समजत नाही. चालकाच्या विश्रांतीचे तास रात्री उशिरा सुरू झाले, म्हणून दुसऱ्या दिवशी बसही उशिरा निघाली. व्हेनिसच्या ट्रोंकेतो धक्क्यावरून सेंट मार्क चौकाकडे नेणारी आमची ठरलेली बोट निघून गेली, दोजांच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांच्या, राजवाड्याची वेळ हुकली आणि तो राजवाडा बाहेरूनच पाहून परतावे लागले. पिसातील सव्वा तासाची किंमत अशी दुसऱ्या दिवशी व्हेनिसमध्ये चुकवावी लागली. तेव्हापासून मी चालकाबरोबर आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे तास कागदावर मांडते, गटाला नेहमी खऱ्या वेळेच्या वीस मिनिटे आधीची वेळ सांगते, आणि ज्या दिवशी दोन शहरांमधला लांबचा पल्ला असेल त्या दिवशी रात्रीचे जेवण मुक्कामाच्या हॉटेलातच ठेवते. जेवण भारतीय नसले तरी चालेल, पण ते वेळेवर आणि बसवाचून मिळायला हवे.

दुसरी चूक नावांची. रोमच्या कोलोसियमची तिकिटे ऑक्टोबर 2023 पासून व्यक्तीच्या नावाने दिली जातात आणि प्रवेशाच्या वेळी छायाचित्र असलेल्या ओळखपत्राशी ते नाव ताडून पाहिले जाऊ शकते. आपल्याकडे एका माणसाची तीन नावे असतात : घरातले, सासरचे आणि पासपोर्टवरचे. लग्नानंतर सर्वत्र नवे नाव वापरणाऱ्या, पण पासपोर्टवर माहेरचेच नाव असलेल्या अनेक जणी गटात असतात, आणि नावे मागवली की मुले घाईघाईने आईचे रोजच्या वापरातले नाव मोबाइलवरून कळवतात. दारावर समजावून सांगू, असे म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण उन्हात रांगेत उभी राहते ती त्यांची आई. मी तोंडी किंवा संदेशातून आलेले नाव घेतच नाही. पासपोर्टच्या पानाचे छायाचित्र मागवते, स्वतः नावे उतरवून घेते आणि दुसऱ्या व्यक्तीकडून एकेक अक्षर वाचून घेते.

बंद असण्याचे वार न पाहता बेत आखणे हीदेखील नेहमीचीच चूक आहे. फ्लॉरेन्समधील उफित्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे विनामूल्य प्रवेश असतो खरा, पण त्या दिवसाच्या गर्दीत मी ज्येष्ठांचा गट कधीही नेणार नाही. मिलानमध्ये लिओनार्दोने मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर रंगवलेले ‘अखेरचे भोजन’ पाहायला एका तुकडीला फक्त पंधरा मिनिटे मिळतात. आधी आरक्षण केलेले नसेल, तर त्याच्यासाठी मिलानला वाट वाकडी करू नका.

व्हेनिसमधल्या सामानाविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे. व्हेनिस शंभराहून अधिक छोट्या बेटांवर वसलेले असून तिथे चारशेहून अधिक पूल आहेत. त्यांतील बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत, आणि जुन्या शहरात मोटार, रिक्षा किंवा टॅक्सी यांपैकी काहीही चालत नाही. टॅक्सी म्हणजे तिथे बोट. नकाशावर एक किलोमीटर दिसणारे अंतर चाकांच्या मोठ्या बॅगेसह चालणे ही तरुणांनाही थकवणारी गोष्ट आहे. माझ्या ओळखीतले चौदा जण बसऐवजी रेल्वेने, स्वतःच बेत आखून, फ्लॉरेन्सहून व्हेनिसला येणार होते आणि मी त्यांना सांता लुचिया स्थानकावर भेटणार होते. गाडीने मेस्त्रे स्थानक गाठताच फलकावर ‘व्हेनेत्सिया’ हा शब्द पाहून त्यांतले आठ जण बॅगा घेऊन उतरले. पुढचा शब्द कोणी वाचला नाही. व्हेनेत्सिया मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे स्थानक आहे, आणि व्हेनेत्सिया सांता लुचिया हे खाडीवरचा पूल ओलांडल्यानंतरचे, पाण्यातल्या शहराचे. दारे बंद झाली, गाडी पुढे गेली आणि सहा जण, त्यांच्यातल्या दोन आजींसह, माझ्यासमोर येऊन उतरले. त्या दोघींच्या औषधांच्या पिशव्या मागे राहिलेल्या मुलांजवळ होत्या.

मागे राहिलेल्यांना दहा-बारा मिनिटांत पोहोचवणाऱ्या गाड्या मेस्त्रेहून सतत सुटतात, त्यामुळे अर्ध्या तासात सगळे एकत्र आले. खरा त्रास त्यानंतर झाला. त्यांनी स्वस्त म्हणून रियाल्तो पुलाजवळ तिसऱ्या मजल्यावरचे घर भाड्याने घेतले होते आणि त्याला लिफ्ट नव्हती. प्रत्येकाजवळ 23 किलोची एक बॅग होती, कारण विमान कंपनीने तेवढे वजन चालते असे सांगितले होते. तेवढे वजन विमानाला पेलते. सत्तरीच्या माणसाला ते पुलाच्या पायऱ्यांवरून नेता येत नाही, हा साधा विचार निघताना कोणी केला नव्हता. एका काकांनी दुसऱ्या पुलावरच छातीवर हात ठेवला, तेव्हा मी सर्वांना जागीच थांबवले, निम्म्या बॅगा परत स्थानकावरच्या सामानघरात नेऊन ठेवल्या आणि उरलेल्या बॅगा तरुण मुलांनी दोन फेऱ्यांत वाहिल्या. काकांना सुदैवाने काही झाले नाही, पण त्यांच्या पत्नी त्या रात्री झोपल्या नाहीत.

व्हेनिसच्या मुक्कामासाठी मी प्रत्येकाला निघण्यापूर्वीच एक छोटी पाठपिशवी भरायला लावते. तिच्यात दोन दिवसांचे कपडे, औषधे आणि कागदपत्रे असतात. मोठ्या बॅगा बसमध्ये किंवा स्थानकाच्या सामानघरात राहतात. ज्यांना हे नको असेल त्यांनी सरळ मेस्त्रेला राहावे. ते प्रशासकीयदृष्ट्या व्हेनिस नगरपालिकेतच येते, त्यामुळे 2024 पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांना लावलेले प्रवेशशुल्क तिथे रात्री मुक्काम करणाऱ्यांना द्यावे लागत नाही. सवलतीची नोंद मात्र आधी करून ठेवावी लागते.

व्हॅटिकनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, आणि हा नियम पुरुषांच्या अर्ध्या चड्डीलाही लागू आहे. साडी नेसणाऱ्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा. इतरांच्या पिशवीत मी एकेक ओढणी ठेवायला सांगते. सिस्टाइन चॅपेलमध्ये बोलणे आणि छायाचित्रे काढणे दोन्ही मना असल्यामुळे मार्गदर्शक छताविषयीची सगळी माहिती आधी अंगणात सांगतो. नेमके त्याच वेळी स्वच्छतागृहाकडे जाणारे लोक नंतर मान वर करून नुसतेच उभे राहतात, म्हणून तो थांबा मी वीस मिनिटे आधी घेते. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला 551 आणि फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत, आणि फ्लॉरेन्समध्ये लिफ्ट नाही. मध्यावर मन बदलून परत फिरणे त्या अरुंद जिन्यात सोपे नसते.

रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका. 2019 पासून त्याला दंड आहे. तेर्मिनी स्थानकावर आणि तिथून व्हॅटिकनच्या दिशेने जाणाऱ्या 64 क्रमांकाच्या बसमध्ये पाठपिशवी पोटाशी धरा. रोमच्या रस्त्यांवरच्या नळांचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या विकत घेऊ नका.

शाकाहाराबाबत एवढे लक्षात ठेवावे की ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर मासे चालतात असा अर्थ तिथे सहज घेतला जातो, आणि पार्मेजान चीज वासराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरून बनवले जाते, त्यामुळे कडक शाकाहारींनी ते वरून भुरभुरू देऊ नये. याउलट ‘पेपेरोनी’ हा शब्द यादीत वाचून पिझ्झा परत पाठवणारे शाकाहारी मी पाहिले आहेत, पण इटालियन भाषेत त्याचा अर्थ ढोबळी मिरची असा होतो. दुपारी अडीच-तीननंतर बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे संध्याकाळपर्यंत बंद राहतात. उशिरा जेवण्याची सवय असणाऱ्यांनी दशम्या आणि चिवडा जवळ ठेवावा.

प्रादेशिक रेल्वेचे कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तिकीट आहे पण शिक्का नाही, या अवस्थेत तपासनीस दंड करतो, आणि गट असेल तर तो प्रत्येकाला होतो. मी सगळी तिकिटे स्वतःजवळ ठेवते आणि स्वतःच शिक्के मारते. रेल्वेचे संप तिथे वारंवार होतात, पण ते बहुधा आधी जाहीर झालेले असतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. म्हणून प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात मी रोज संपाच्या बातम्या पाहते. संप असला तर आदल्या रात्रीच न्याहारीची पाकिटे गटाच्या हाती देते आणि नऊच्या आतली गाडी धरते.