गाडी मागून एका बाजूला बसलीय? पद्मिनीवाल्यांनो, या चुका टाळा

आमची पद्मिनी (जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाट) मागून डावीकडे झुकायला लागली तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं, तर मागचे दोन्ही शॉकअप बदलले. गाडी होती तशीच वाकडी, खिसा मात्र हलका. शॉकअप फक्त उसळी आवरतो. मागे गाडीचं वजन पेलतात ते पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्टीलच्या वाकड्या पट्ट्यांची स्प्रिंग. शॉकअप गळत असेल तर बदला, पण गाडी सरळ होईल म्हणून बदलू नका.

मग "पाटे बसलेत" म्हणून थेट पाटेवाल्याकडे जाणं, ही दुसरी घाई. आधी मापं घ्या. फरशी सपाट हवी, चारही टायरांत हवा बरोबर, डिकी रिकामी. टेप जमिनीपासून धरू नका, टायरची झीज मापात मिसळते. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. मडगार्ड दोन-तीनदा ठोकून काढलेलं असेल (या वयाच्या कुठल्या गाडीचं नसतं?) तर त्या कडेवरही विसंबू नका, हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं लोखंडी कवच) आणि वरची बॉडी यांमधलं अंतर दोन्हीकडे मोजा.

झुकाव मागे दिसतो म्हणून दोष मागेच असेल असंही नाही. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत. त्यातली एक बसली किंवा तुटली की अख्खी गाडी कलते. मागच्या चाकांना दगड लावा, पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचला. आता मागची बाजू समतल झाली तर रोग पुढे आहे. तरीही कललेलीच राहिली तर मागे. हे बाहेर उभं राहूनच बघायचं. गाडीखाली शिरायचं तर घोड्या (गाडी पेलून धरणारे स्टँड) लावल्याशिवाय नाही.

आमच्या गाडीत रोग मागेच निघाला. डाव्या थप्पीतला दुसरा पाटा तुटला होता, पण नेमका पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपच्या आड, चिखलाखाली. तारेच्या ब्रशने घासल्यावर दिसला. अशा वेळी एकाच बाजूच्या पाट्यांचा बाक वाढवून (कमान चढवून) घेऊ नका, नाहीतर दुसरी बाजू बसलेली वाटते आणि महिन्याभरात पुन्हा तीच फेरी. काम जोडीनेच करा. आणि झुकलेल्या बाजूला ठोकळा घालून उंची जुळवणं म्हणजे निव्वळ रंगरंगोटी.

पाटे घालून गाडी घरी आणली. उंची बरोबर, पण आता ती खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. अलाइनमेंटवाल्याने पुढचा टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवून स्टिअरिंग सरळ करून दिलं. इथेच पुष्कळ जण फसतात. मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, तिथे फिरवायला नटच नाही. म्हणून पुढून जुळवाजुळव होते आणि दोष झाकला जातो.

शेवटी गवंड्याचा ओळंबा आणला. मागच्या पाट्यांचे पुढचे आयबोल्ट (पाट्याचं पुढचं टोक बॉडीला धरणारे बोल्ट) आणि मागचे हब, असे दोन्हीकडचे मिळून चार बिंदू खडूने जमिनीवर उतरवले, गाडी ढकलून बाजूला केली आणि टेप लावला. आयबोल्ट ते हब हे अंतर डावीकडे 11 मिलिमीटर जास्त! पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडवल्यावर उलगडा झाला. पाटे मध्यावर एकत्र ओवणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या भोकात बसलंच नव्हतं, शेजारीच दाबून यू-बोल्ट आवळले होते. बैठकीवर घासून चकचकीत झालेला पट्टा दिसत होता. तुमच्याकडे तसा पट्टा दिसला आणि डोकं जागेवर असलं, तर सेंटर बोल्ट मधूनच तुटला आहे का ते बघा. आणि बोल्ट धड असून फरक निघाला, तर हँगरची (पाटे बॉडीला जिथे टांगतात त्या कंसांची) मुळं तपासा. या गाडीला वेगळी चासी नाही, आणि मुंबई-कोकणच्या हवेत तिथलाच पत्रा आधी सडतो.

(दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, प्रत्येक गाडीत सारखा असतोच असं नाही. फ्रेंच रेनॉ 4 मध्ये मागचे टॉर्शन बार (पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) एकामागे एक आडवे असल्यामुळे कारखान्यातूनच जवळजवळ पाच सेंटिमीटरचा फरक असतो. पद्मिनीवाल्यांना ही सबब चालणार नाही.)

पुन्हा जोडताना आयबोल्ट आणि शॅकलचे (पाट्याच्या मागच्या टोकाच्या हलत्या कडीचे) नट चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळू नका. बुशचं रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं, ती बाजू उंच राहते आणि बुश लवकर फाटतात. नट हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, डिकी चार-पाचदा दाबून सोडा, मग पाना लावा. यू-बोल्ट 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे आहेत, हे मिस्त्री सांगेलच असं नाही.