पाळी जाताना फार अंगावरून जातंय? आधी मोजा

दहावीच्या बोर्डाच्या पेपरला माझं सुपरविजन होतं. वर्गात शिरण्याआधी रात्रीचं मोठं पॅड लावलं होतं. दीडेक तासाने एका मुलाला पुरवणी द्यायला खुर्चीवरून उठले आणि आतून काहीतरी घसरलं. रक्ताची मोठी गाठ पडली होती. रिलीव्हर येईपर्यंत मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. साडी मरून रंगाची होती, म्हणून निभावलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "जायची वेळ आली की असंच जातं गं. आमचंही असंच झालं." वय ४६, त्यामुळे मलाही ते पटलं आणि मी आणखी सात महिने काढले. शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ निघालं. जिना चढताना लागणारा दम मी तोवर वाढलेल्या वजनाच्या नावावर खपवत होते.

सासूबाईंचं अर्धं बरोबर होतं. आपल्याकडे पाळी कायमची थांबायचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे आणि त्याआधीची चार-पाच वर्षं पाळी लहरी होते. या काळात प्रत्येक महिन्यात बीज सुटतंच असं नाही. बीज सुटलं नाही की गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र अस्तर वाढवतच राहतं. दोन-दोन महिने साठलेलं हे जाड अस्तर एकदम सुटतं आणि मग धो धो जातं. इथवर ठीक. पण "असंच असतं" म्हणताना किती गेलं तर 'असंच' आणि किती गेलं तर 'फार', हे कोणी सांगत नाही.

पहिलं काम: भिंतीवरच्या कालनिर्णयवर मोजा

डॉक्टरांकडे जाऊन "खूप जातं हो" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे किती?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत रक्त थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मी बाहेर. दुसऱ्या खेपेला कालनिर्णयची तीन पानं मोबाइलवर फोटो काढून नेली. तेव्हा तपासणी झाली.

कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहितो तसंच लिहायचं. त्या दिवशी बदललेल्या पॅडचा आकडा. त्यातली पूर्ण भिजलेली किती, ते गोल करून. गाठ पडली तर 'गा', रात्री उठून बदलावं लागलं तर 'रा', कपडे किंवा चादर खराब झाली तर फुली. बस. घरातल्या कोणाला काय लिहिलंय ते कळत नाही, कळलं तरी बिघडत नाही.

साधारण पाळीत एकूण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं की 'जास्त', असं पुस्तकात असतं. म्हणजे पाच दिवसांत मिळून कटिंग चहाचा एक ग्लास. ऐकायला थोडंच वाटतं, पण दर महिन्याला इतकं गेलं तर शरीरातला लोहाचा साठा संपतो. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर मोजणं सोपं, कारण बहुतेक कप २५ ते ३० मिलिलिटरचे असतात आणि काहींवर खुणाही असतात. पॅड वापरणाऱ्यांनी मिलिलिटरच्या मागे लागू नये. यातलं काही होत असेल तर ते जास्तच आहे:

- तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, किंवा एकावर एक दोन लावावी लागतात
- रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात
- सात दिवसांच्या वर चालतं
- पाळीच्या तारखा बघून लग्नाला, प्रवासाला, कामाला जायचं की नाही ते ठरवावं लागतं

या यादीतली शेवटची ओळ डॉक्टरही धरतात. तुमचं जगणं अडत असेल तर मोजमाप काहीही येवो, उपचाराला तेवढं कारण पुरतं.

महिना संपायची वाट केव्हा पाहायची नाही

लागोपाठ दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजतंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बसल्या जागी छातीत धडधडतंय किंवा दम लागतोय, तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र असेल तर १०८ ला फोन करा. सकाळपर्यंत थांबायचं नाही, डबे करून निघायचं नाही.

आणि पाळी चुकून मग जोरात आली असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी करायची. सेहेचाळिसाव्या वर्षी हे सुचवणाऱ्या नर्सकडे मी जरा रागानेच पाहिलं होतं. पण बीज अधूनमधून सुटत असतं, त्यामुळे या वयातही दिवस राहू शकतात.

दुसरं काम: कारण शोधून घ्या

सगळंच हार्मोन्सवर ढकलता येत नाही. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असतील, आत पॉलिप म्हणजे कोंबासारखी वाढ असेल, अस्तर भिंतीतच शिरून गर्भाशय जड झालं असेल (सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ॲडिनोमायोसिस' लिहून येतं ते हेच). थायरॉइड बिघडलेलं असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, कधीकाळी बसवलेली कॉपर टी तशीच आत असेल. आणि थोड्या जणींमध्ये अस्तराचा कॅन्सर किंवा त्याच्या आधीची पायरी असते. वजन जास्त, मधुमेह किंवा पीसीओएस (बीजकोषांचा हार्मोनचा विकार) असेल तर ही शक्यता वाढते.

तपासण्या फार नाहीत. रक्ताची सीबीसी (पेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड). मग सोनोग्राफी, शक्यतो योनीमार्गातून केलेली, कारण त्यात अस्तराची जाडी नीट दिसते. वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. त्यासाठी बहुतेक वेळा बारीक नळी पुरते. दवाखान्यातच काही मिनिटांत होतं, पाळीतल्यासारखी जोराची कळ येते आणि जाते. 'पिशवीतला तुकडा काढणार' ऐकून मी दोन रात्री झोपले नव्हते. खरं तर दाताच्या डॉक्टरकडे याहून जास्त वेळ जातो.

फेरिटिन मात्र आवर्जून मागून घ्या, ते नेहमीच्या तपासणीत नसतं. हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे, तर फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. पाकिटात ११-१२ दिसत असताना बँक रिकामी असू शकते. केस गळणं, सतत थकवा, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं, ही त्याची लक्षणं असतात.

तिसरं काम: लोह भरून काढा, पण बिटाच्या भरवशावर नाही

माझं हिमोग्लोबिन कळल्यावर घरात बिटाची कोशिंबीर, डाळिंब आणि खजूर यांचा मारा सुरू झाला. बीट लाल असतं एवढाच त्याचा रक्ताशी संबंध. लोह त्यात बेताचंच. अळीव, पालेभाज्या, लोखंडी कढईतली भाजी, खात असाल तर मटण आणि कलेजी, हे सगळं चांगलं आहे आणि चालू ठेवावं. पण दर महिन्याला नळ सोडल्यासारखं रक्त जात असताना फक्त खाण्याने खड्डा भरत नाही. गोळी घ्यावीच लागते.

गोळी कशी घेतो यावर बरंच अवलंबून आहे. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. आधी-नंतर तासभर चहा-कॉफी नाही, आणि आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. सकाळच्या चहाला हात लावायचा नसेल तर गोळी अकराच्या सुमाराला किंवा झोपताना घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, घाबरू नका. मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाली तर गोळी बंद न करता डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एक दिवसाआड घेतलेलं लोह शरीर चांगलं शोषतं, असं दिसून आलंय. आणि हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून थांबू नका. साठा भरायला त्यापुढे तीन महिने तरी लागतात. गोळ्या सोसतच नसतील किंवा आकडा फारच खाली असेल तर सलाइनमधून लोह देतात.

चौथं काम: रक्त कमी करणारं औषध, डॉक्टरांशी बोलून

ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे यातलं सगळ्यात परिचित नाव. पाळीतल्या जोराच्या दिवसांपुरतंच, तीन ते पाच दिवस, दिवसातून तीनदा घ्यायचं. हार्मोन नाही. स्राव एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी होतो. मेफेनॅमिक ॲसिडने त्याहून थोडा कमी फरक पडतो, पण पोटातली कळही थांबते. दोन्ही एकत्र असलेली गोळी मेडिकलवाला सहज काढून देतो, आणि मैत्रिणी एकमेकींना नाव सांगतात. तसं करू नका. कधी पायाच्या किंवा फुफ्फुसाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ट्रानेक्झॅमिक घातक, आणि ॲसिडिटीचा अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर मेफेनॅमिक.

प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या अस्तराची बेलगाम वाढ रोखतात. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला ज्या गोळ्या घरोघरी घेतल्या जातात, त्यातलंच औषध इथेही वापरतात, फक्त ठरवून, दर महिन्याला ठराविक दिवस. सणासाठी मनाने घेतली आणि बंद केली की त्यानंतरची पाळी जोरात येऊ शकते. आधीच फार जात असेल तर हा खेळ नकोच.

ऑर्मेलोक्सिफीन ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. 'सहेली' म्हणून दुकानात आणि 'छाया' म्हणून सरकारी दवाखान्यात ती गर्भनिरोधक म्हणून मिळते. जास्त रक्तस्रावासाठीही डॉक्टर ती देतात: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा.

मला शेवटी उपयोग झाला तो हार्मोन असलेल्या आययूडीचा, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या साधनाचा. ही दिसायला कॉपर टीसारखी, पण काम उलटं. कॉपर टीने रक्त वाढतं, हिने कमी होतं. ती गर्भाशयातच थोडं थोडं औषध सोडते, पाच वर्षं तरी चालते आणि गर्भनिरोधकही होते. वर्षभरात बहुतेकींचा स्राव ७० ते ९५ टक्क्यांनी घटतो. पण पहिले तीन ते सहा महिने कधीही डाग लागत राहतात. हे कोणी आधी सांगितलं नाही तर बाई वैतागून दुसऱ्याच महिन्यात काढून टाकते. माझ्या कालनिर्णयवर त्या काळात रोजच एखादा ठिपका असायचा. सातव्या महिन्यात आठवडाच्या आठवडा कोरा गेला.

दूर्वांचा रस, जास्वंदीच्या कळ्या? मीही घेतल्या. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं ते त्याच काळात.

"पिशवी काढून टाका" असं पहिल्याच भेटीत सांगितलं तर

उठून या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पिशवीला सूज आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, असं म्हणून ऑपरेशनची तारीख देणारे आपल्या राज्यात किती असावेत, याची कल्पना बीडने दिली. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं.

ऑपरेशन कधीच नको असं नाही. मोठे फायब्रॉइड, औषधांना दाद न देणारा स्राव, तुकड्याच्या तपासणीत आलेला दोष, यात ते योग्यच ठरतं. तारीख घेण्याआधी एवढं विचारा: तुकड्याचा रिपोर्ट काय आहे? आययूडी किंवा अस्तर जाळायचा छोटा उपाय माझ्यासाठी का नाही? बीजकोष ठेवणार की काढणार? या वयात ते विनाकारण काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास आणि हाडांची झीज एका रात्रीत सुरू होते. आणि फायब्रॉइड पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आकसतात, हेही लक्षात असू द्या. पन्नाशी जवळ असेल तर थोडं थांबणं हाही उपचार असतो.

तोवर निभावायचं कसं

पर्समध्ये दोन मोठी पॅड, एक गडद परकर किंवा लेगिंग, एक झिपची पिशवी. रात्री चादरीखाली लहान बाळासाठी मिळतं ते रबरशीट. सगळ्यात जोराच्या दोन दिवसांत बाळंतिणीची पॅड वापरा, मेडिकलमध्ये मिळतात, आणि लाजायचं कारण नाही. शाळा-ऑफिसात एका तरी व्यक्तीला सांगून ठेवा. पुढच्या वर्षी मी परीक्षा विभागाच्या सरांना सरळ सांगितलं, "मला दर तासाला दहा मिनिटांचा रिलीव्हर लागेल." त्यांनी फक्त "बरं मॅडम" म्हटलं आणि वेळापत्रकात लिहून टाकलं.

कॅलेंडरवरच्या खुणा पाळी थांबली असं वाटल्यावरही चालू ठेवा. सलग बारा महिने कोरे गेले की पाळी गेली असं धरतात. त्यानंतर एखाद्या चौकटीत एक ठिपका जरी उमटला, तरी ती पाळी नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं.