काळी कमान, पांढरे पाणी: दगडी पुलाच्या छायाचित्रांवर सापडलेला उपाय
जुन्या दगडी पुलाच्या छायाचित्रांत कमानीखालचा भाग काळाठिक्कर आणि ओढ्याचे पाणी तपशील हरवून पांढरे येत होते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा एकूण प्रकाश, कमी-जास्त करून पाहिले. एचडीआरमध्ये (कमी-जास्त एक्स्पोजरची अनेक छायाचित्रे एकत्र करण्याच्या पद्धतीत) वाहते पाणी दुहेरी उमटले. पुलावर जाणेच नकोसे झाले होते.

अखेर उपयोगी पडलेला क्रम असा. प्रथम ढगाळ सकाळ निवडली, कारण विखुरलेल्या प्रकाशात कमान आणि पाणी यांच्या उजेडातील तफावत मुळातच घटते. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून लेन्समधील स्टॅबिलायझेशन (हाताच्या थरथरीचा परिणाम कमी करणारी सोय) बंद केले, आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) १०० व अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/११ ठेवले आणि कमानीच्या दगडांवर फोकस साधून तो मॅन्युअलवर कायम केला. त्यानंतर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, सावकाश फिरवत, ओल्या दगडांवरची चकाकी ओसरली तिथे थांबवला. पाण्यातले कमानीचे प्रतिबिंब हवे असल्यास मात्र तो थोडा मागे घ्यावा, कारण तेही पुसले जाते. हा फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणून शटरचा वेग सर्वांत शेवटी, हिस्टोग्राम (छायाचित्रातील उजेडाचा आलेख, ज्यात उजवी कडा म्हणजे पांढरे) उजव्या कडेला चिकटणार नाही असा ठरवला. तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास आला. त्याहून लांब एक्स्पोजरमध्ये पाण्याचा धूर होतो, जो मला रुचत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) टिपली आणि संपादनात केवळ कमानीखालच्या सावल्या उजळल्या.