कृत्रिम पायाचा सॉकेट सैल पडल्यास
गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाचा सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कप) सकाळी घट्ट बसतो आणि दुपारी सैल पडतो, कारण उरलेल्या पायाचा आकार दिवसभरात थोडा घटतो. लायनर (उरलेल्या पायावर चढवायचे, टोकाला पिन असलेले मऊ आवरण) पूर्ण उलटा करून, टोकाशी हवा न राहू देता वर गुंडाळावा; मग मोज्याच्या भोकातून पिन बाहेर काढून मोजा चढवावा (मोज्याचा धागा पिन अडकवणाऱ्या, सॉकेटच्या तळाच्या कुलपात शिरला की पाय निघता निघत नाही) आणि सॉकेटमध्ये उभे राहून पिन कुलपात अडकतानाचे टक-टक आवाज मोजावेत. आवाज नेहमीपेक्षा जास्त आले किंवा टोकावर दाब जाणवला, तर मोज्याचा एक पदर (थर) वाढवावा.

कृत्रिम पाय काढल्यावरची कातडीची लाली 10-15 मिनिटांत न ओसरल्यास तंत्रज्ञांना दाखवावे. उंच टाचेच्या बुटाने गुडघा पुढे ढकलला जातो. त्यासाठी अलाइनमेंटचे (कृत्रिम पायाचा कोन जुळवणारे) स्क्रू मात्र स्वतः फिरवू नयेत.